आखाच्या आड : बिनरस्त्याच्या मोटारीच्या स्टिअरिंगचे संरक्षण

मोटारीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी इंजिनावर जेवढी शाई खर्च केली, तिच्या शतांशही पुढच्या दोन चाकांना एकमेकांशी बांधणाऱ्या आडव्या दांड्यावर केलेली नाही. कारागीर याला टायरॉड म्हणतात. चालकाच्या हातातील चक्राची गती प्रथम स्टिअरिंगच्या पेटीत येते. तेथून ती चाकापर्यंत नेणारा दांडा तो ड्रॅगलिंक, आणि एका चाकाचे वळणे दुसऱ्या चाकास कळविणारा तो टायरॉड. हे दोन्ही दांडे मोटारीच्या पोटाखाली, जमिनीपासून थोड्याच उंचीवर, बहुधा उघडेच असतात. डांबरी सडकेवर त्यांना कशाचे भय नसते. परंतु धोंड्यांतून, ओढ्यांतून व चाकोऱ्यांतून जाणाऱ्या वाहनाचा टायरॉड एकदा मोडला की दोन चाके दोन दिशांस तोंडे करतात. आणि मग इंजिन कितीही बलवान असले तरी चालकाच्या हाती काहीच उरत नाही. उतारावर किंवा कड्यालगत असे घडले, तर त्याची किंमत प्राणांनी मोजावी लागते.

या दांड्यांचे संरक्षण म्हणजे त्यांच्याखाली जाड पत्रा बसविणे, अशी आज सर्वसाधारण समजूत आहे. इतिहासाची साक्ष निराळी आहे. पत्रा हा या कथेत फार उशिरा आलेला, आणि आमच्या मते दुय्यम, असा उपाय होय. मूळ प्रश्न दांडा ठेवावा कोठे हा होता, व त्याचे प्रत्येक उत्तर दुसरा एखादा दोष पदरी घेऊनच मिळाले. प्रस्तुत लेखात त्या देवघेवीचा मागोवा घ्यावयाचा आहे.

आपल्या बैलगाडीला हा प्रश्न कधी पडलाच नाही. तिला चाके दोनच. दिशा बैल देतात. चारचाकी गाडीत मात्र पुढची दोन चाके वळविण्याची सोय करावी लागते. मुंबईच्या रस्त्यांवर दीर्घकाळ धावलेल्या व्हिक्टोरियाप्रमाणे जुन्या चारचाकी घोडागाड्यांत पुढचा सबंध आख मधल्या एका खुंट्याभोवती फिरत असे. या रचनेत मोडण्याजोगा बारीक दांडा कोठेच नव्हता. तिचा दोष वेगळा होता. एक चाक दगडावर आदळले म्हणजे तो धक्का आखाच्या अर्ध्या लांबीच्या तरफेने खुंट्यावर येई, आणि सबंध पुढचा साज आडवा फिरू पाही. घोड्यांच्या गाडीत हा हिसका घोड्यांच्या अंगावर जाई. घोडे काढून तेथे माणसाचे दोन हात बसविले असते, तर ते हात टिकले नसते.

या दोषावरील उतारा मोटारीच्या जन्माच्या कितीतरी आधी सापडला होता. म्यूनिक येथील राजदरबारचे गाडीकार गेऑर्ग लांकेनस्पेर्गर यांनी १८१७ च्या सुमारास अशी योजना पुढे आणली की, आख स्थिर ठेवावा आणि प्रत्येक चाक आखाच्या टोकाशी असलेल्या आपापल्या खुंट्यावर फिरावे. लंडनमधील त्यांचे प्रतिनिधी, चित्रांचे व ग्रंथांचे प्रकाशक रुडॉल्फ आकरमान यांनी १८१८ मध्ये तिचे इंग्रजी पेटंट घेतले आणि रचना त्यांच्याच नावाने रूढ झाली. (इरॅस्मस डार्विन यांनी अठराव्या शतकातच याच धर्तीची गाडी करून पाहिली होती, म्हणजे कीर्ती ज्यांच्याकडे गेली ते आकरमान कालक्रमाने पहिले तर नव्हतेच, शोधकही नव्हते.) पुढे १८७८ मध्ये पॅरिसचे गाडीकार शार्ल जांतो यांनी या रचनेची भूमिती अधिक काटेकोर केली. चाकांपासून निघणारे दोन आखूड हात समांतर न ठेवता तिरपे ठेवावेत आणि त्यांच्या रेषा मागच्या आखाच्या मध्याकडे जाव्यात, म्हणजे वळणावर आतले चाक बाहेरच्या चाकापेक्षा अधिक वळते व टायर घासत नाहीत.

या योजनेत लाभ मोठा होता. दोन चाकांमधील अंतर ५६ इंच धरले, तर फिरत्या आखाच्या गाडीत दगडाच्या धक्क्याला २८ इंचांची तरफ मिळत असे. नव्या रचनेत खुंटा व चाक यांमधील तीन-चार इंचांचीच मिळते. परंतु दोन चाके स्वतंत्र खुंट्यांवर गेल्यामुळे त्यांना एकमेकांशी बांधणे आले, आणि त्यासाठी टायरॉड आला. ज्या कल्पनेने स्टिअरिंग माणसाच्या आटोक्यात आणले, तिनेच वाहनाच्या पोटाखाली एक लांब, बारीक व उघडा दांडा आडवा टांगला. आमच्या विषयाची सुरुवात येथून होते.

हा दांडा आखाच्या पुढे बांधावा की मागे? पुढे बांधला तर वाटेतील प्रत्येक धोंडा, खुंट आणि दरड आधी त्याच्यावरच आदळणार. मागे बांधला तर आख हीच त्याची ढाल होते. आखाची उंची जर धोंड्याने मानली, तर मागचा दांडाही बहुधा सुटतो. नाही मानली, तर गाडी आखावरच अडते. हा विचार इतका सरळ आहे की जुन्या मोटारींत टायरॉड मागे गेला तो संरक्षणासाठीच, असे म्हणण्याचा मोह होतो. तथापि येथे सावध राहिले पाहिजे. जांतो यांच्या भूमितीत हात मागे काढले तर ते आतल्या बाजूस झुकतात, तेथे जागा मोकळी असते. पुढे काढले तर ते बाहेर, म्हणजे चाकाच्याच अंगावर जातात. सारांश, मागची जागा भूमितीलाही सोयीची होती. आखाची ढाल हा कितपत हेतू होता आणि कितपत आपसूक पदरात पडलेला लाभ होता, हे केवळ यंत्र पाहून ठरविता येणार नाही.

मागच्या जागेची किंमत मात्र निश्चित सांगता येते. चालत्या गाडीत जमीन दोन्ही पुढच्या चाकांना मागे ओढीत असते, आणि चाके खुंट्यांच्या बाहेर असल्यामुळे त्यांच्या पुढच्या कडा बाहेरच्या अंगास फाकू पाहतात. तसे झाले की मागच्या कडा आत येतात आणि मागे बांधलेला टायरॉड दोन्हीकडून दाबला जातो. पुढे बांधलेला दांडा याच कारणाने ताणला जातो. ताण सहन करण्यास बारीक सळईही चालते. दाब आला की लांब सळई मधून वाकते. ऑयलर यांनी १७४४ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार अशा दांड्याचे दाबास तोंड देण्याचे बळ लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात घटते व व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. भरीव दांड्याचा व्यास चतुर्थांशाने वाढविला तर त्याचे वजन दीडपटीहून थोडे अधिक होते, पण बळ जवळजवळ अडीचपट होते. पोकळ नळी वापरली तर तेवढ्याच वजनात याहून अधिक साधते. मऊ वाळूत किंवा चिखलात चाकांना होणारा विरोध कैक पटींनी वाढतो, म्हणून जो टायरॉड सडकेवर वर्षानुवर्षे सरळ राहिला तोच बिनरस्त्यावर कोणताही दगड न लागताही वाकू शकतो. आणि दगड लागून आधीच किंचित वाकलेला असेल, तर त्याचे उरलेले बळ पाहता पाहता संपते.

१९०८ मध्ये निघालेली फोर्डची मॉडेल टी गाडी या दृष्टीने अभ्यसनीय आहे. तिचा टायरॉड आखाच्या मागे होता, आख जमिनीपासून बराच उंच होता, आणि आख व स्टिअरिंगचे हात यांसाठी व्हॅनेडियमयुक्त चिवट पोलाद वापरले होते. ही गाडी ज्या अमेरिकेसाठी घडविली ती बव्हंशी बैलगाडीच्या वाटांचीच अमेरिका होती. तिच्या चाकांतील नेहमीचे अंतर ५६ इंच असे. पण दक्षिणेकडील राज्यांसाठी ६० इंचांची आवृत्तीही काढावी लागली, कारण तेथील घोडा-खेचरांच्या गाड्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या तेवढ्या रुंद होत्या. आपल्याकडील काळ्या जमिनीच्या मुलुखात पावसाळ्यानंतर वाळलेली चाकोरी ज्याने पाहिली आहे, त्यास या चार इंचांचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. दोन चाकोऱ्यांमधील उंचवटा दगडासारखा कठीण होतो आणि खोल चाकोरीत उतरलेल्या गाडीच्या पोटाला तोच घासतो. टायरॉडचा पहिला शत्रू हा असा गाड्यांनीच निर्माण केलेला होता.

पहिल्या महायुद्धात, १९१६ पासून, इजिप्तच्या पश्चिम वाळवंटात ब्रिटिशांच्या हलक्या मोटारींची गस्त याच फोर्ड गाड्यांतून हिंडत असे. पुढे राल्फ बॅगनॉल्ड (१८९६–१९९०) या लष्करी अभियंत्याने १९२० नंतरच्या दशकात फोर्डच्याच गाड्या घेऊन लिबियाच्या वाळवंटात प्रवास केले आणि त्यांचा वृत्तान्त १९३५ मध्ये ‘लिबियन सँड्स’ या ग्रंथात दिला. वाळूत रुतलेल्या चाकाखाली घालावयाच्या पन्हळी पट्ट्या, रेडिएटरची वाफ परत पाणी करणारी टाकी, सूर्याच्या छायेवर चालणारे होकायंत्र ही त्यांच्या पद्धतीची अंगे प्रसिद्धच आहेत. आमच्या विषयाशी अधिक निगडित अशी गोष्ट या मानाने साधी आहे. या लोकांनी गाडीवर लोखंड चढविले नाही, उतरविले. दारे, टपे, अनावश्यक पत्रे काढून टाकून त्यांनी वजन कमी केले. जुलै १९४० मध्ये बॅगनॉल्ड यांनी उभारलेल्या ‘लाँग रेंज डेझर्ट ग्रुप’ या पथकानेही हीच रीत पाळली. त्यांच्या शेव्हरोले मालमोटारींत केवळ मागच्या चाकांना गती होती. त्या पथकाने स्प्रिंगांची पाने वाढविली, रुंद टायर कमी हवेवर चालविले, आणि सुटे भाग व ते बसविणारा फिटर बरोबर नेला. १९४२ मध्ये त्याच्या जोडीने ‘इंडियन लाँग रेंज स्क्वाड्रन’ ही भारतीय घोडदळाच्या सैनिकांची तुकडीही त्या वाळवंटात काम करीत होती.

टायर मऊ ठेवणे हा टायरॉडच्या संरक्षणाचाच एक प्रकार आहे, ही गोष्ट सहसा कोणी बोलून दाखवीत नाही. मऊ टायर दगडाचा धक्का स्वतः गिळतो आणि वाळूत पसरल्यामुळे चाकाला होणारा विरोध घटवितो; दोन्ही मार्गांनी दांड्यावरील भार कमी होतो. त्याचप्रमाणे सुटा दांडा बरोबर नेणे हेही संरक्षणच. फरक इतकाच की येथे जतन करावयाचे ते लोखंड नसून प्रवास असतो. शेकडो मैलांवर वस्ती नसता, काय मोडू द्यावे आणि काय मोडू देऊ नये याचा निर्णय निघण्यापूर्वीच करावा लागतो.

जीपचा जन्म वाळवंटी पथकाच्या स्थापनेच्याच उन्हाळ्यातला. जुलै १९४० मध्ये अमेरिकन सैन्याने १३५ कारखान्यांना मागणीपत्र धाडले, आणि बँटम कंपनीसाठी कार्ल प्रोब्स्ट यांनी आखलेला पहिला नमुना २३ सप्टेंबर १९४० रोजी सैन्याच्या हाती पडला. मूळ मागणी १,३०० पौंडांच्या वाहनाची होती. ती पाळणे कोणासच शक्य झाले नाही व मर्यादा पुढे २,१६० पौंडांवर गेली. जेथे प्रत्येक पौंडासाठी झगडा, तेथे जाड दांड्यांना व चिलखताला वाव नव्हता हे उघड आहे. शिवाय पुढच्या आखालाही गती दिल्यामुळे जुनी सोय मोडली. आखाच्या मध्याजवळ डिफरन्शियलचा गोळा आला आणि त्यातून मागे गेलेला प्रोपेलर शाफ्ट आला; टायरॉडला आता या सर्वांतून वाट काढावी लागे.

विलिस आणि फोर्ड यांनी लाखांनी बांधलेल्या युद्धकालीन जीपमध्ये यावर योजलेली तोड वेगळी आहे. स्टिअरिंगच्या पेटीपासून ड्रॅगलिंक गाडीच्या लांबीच्या दिशेने पुढे जातो, मध्यभागी असलेल्या एका वळत्या हाताला, म्हणजे बेलक्रँकला, ढकलतो, आणि त्या हातापासून डाव्या व उजव्या चाकाकडे दोन स्वतंत्र टायरॉड जातात. लांबीच्या दिशेने ठेवलेला दांडा अडथळ्यासमोर आपली सबंध लांबी आडवी धरीत नाही, हा एक लाभ. टायरॉड दोन झाल्यामुळे प्रत्येकाची लांबी घटली, म्हणून तो सहज वाकत नाही, हा दुसरा. पण सांधे वाढले. बेलक्रँकचा खुंटा व त्याची बुशे झिजली की चक्र हलते आणि गाडी मात्र आपल्याच मनाने जाते. हा जीपचा सर्वश्रुत दोष असून १९४७ पासून मुंबईच्या महिंद्र कंपनीने विलिस जीपची जुळणी सुरू केल्यावर तो आपल्या तालुक्यांच्या गावांतील गॅरेजांतही परिचयाचा झाला. मारापासून दांड्यांचा बचाव करताना झिजेला दार उघडले गेले, असे येथे म्हणावयास हरकत नाही.

झिजेचा प्रश्न आघाताइतका नाट्यमय नाही, म्हणून तो इतिहासातून निसटतो. वास्तविक मोडलेल्या दांड्यापेक्षा खिळखिळ्या झालेल्या बॉल जॉइंटाने अधिक घात होतो. गोळा व वाटी यांच्या या सांध्यात धूळ व पाणी शिरले की ग्रीसचा घासकाम करणारा लगदा होतो. सांध्यावरचे रबरी टोपण ही नाण्याएवढ्या किमतीची वस्तू. पण बिनरस्त्याच्या वाहनात स्टिअरिंगचा सर्वांत महत्त्वाचा रक्षक कोण असे कोणी विचारले, तर आम्ही जाड पत्र्याआधी तिचेच नाव घेऊ. काटेरी झुडपाने किंवा वाळलेल्या चिखलाच्या खपलीने ते फाटते आणि पुढे काही आठवड्यांनी सांधा ढिला होतो. तोवर कारण विसरले गेलेले असते.

दांडा उंच उचलण्याचा मार्ग याच काळात जर्मनीत चोखाळला गेला. १९४० पासून सुमारे ५०,००० च्या संख्येने निघालेल्या फोक्सवॅगनच्या क्यूबेलवाग्नला पुढे एकसंध आख नव्हताच. तिची स्टिअरिंगची पेटी पुढच्या वरच्या आडव्या नळीवर बसविलेली असल्याने दांडे वर राहत, आणि गाडीचे पोट इतके गुळगुळीत होते की मागच्या दोनच चाकांना गती असूनही ती अडथळ्यावरून घसरगाडीसारखी सरकून जाई. युद्धोत्तर उनिमोगची कथा अधिक गोड आहे. १९४८ पासून विकला जाऊ लागलेला हा शेतकामाचा ट्रॅक्टर-ट्रक. त्याच्या चाकांतील अंतर बटाट्याच्या दोन सऱ्यांच्या मापाने ठरविले होते. चाकाच्या तुंब्यातच दातेरी चक्रे घालून त्याचा आख चाकाच्या मध्यापेक्षा वर उचलला होता, त्यामुळे आख आणि आखालगतचे सारे दांडेही पिकाच्या वरून जात. पिकाला इजा होऊ नये म्हणून केलेली योजना पुढे लष्करांना आणि दुर्गम मोहिमांना कामी आली. किंमत अर्थातच होती : चार चाकांत चार जादा गिअर, जादा वजन आणि जादा खर्च.

ब्रिटिशांच्या १९७० च्या रेंज रोव्हरमध्ये जुना व नवा विचार एकाच आखाभोवती दिसतो. तिचा टायरॉड आखाच्या मागे, जुन्या मॉडेल टीप्रमाणे आडोशाला. ड्रॅगलिंक मात्र आखाच्या पुढे, उघड्यावर. म्हणून या कुळातील गाड्यांना, विशेषतः १९८१ पासून कॅमल ट्रॉफीच्या मोहिमांत लँड रोव्हर कंपनीच्या गाड्या उतरू लागल्यानंतर, पुढच्या बंपरखालून मागे तिरपा जाणारा स्टिअरिंग-गार्ड बसविण्याची रीत पडली. हा पत्रा धोंडा अडवीत नाही; तिरपा असल्याने गाडीला त्यावरून वर चढवितो, आणि मार दांड्याऐवजी चौकटीवर नेतो. जेथे तो सरळ उभा बसविला जातो तेथे त्याचा उपयोग नांगरासारखा होतो, हे सांगावयास नको. त्याचे वजन पुढच्या स्प्रिंगांवर पडते, त्यामागे चिखल व गोटे साचतात, आणि झाकलेला सांधा तपासावयाचा राहून जातो. भोके पाडलेला, चार बोल्टांनी झटकन उतरणारा पत्रा हा भरीव व जाड पत्र्यापेक्षा शहाणपणाचा, असे आमचे मत आहे.

अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा पर्वतातील रुबिकॉन वाटेवर १९५३ मध्ये ‘जीपर्स जंबोरी’ सुरू झाली. ग्रॅनाइटच्या धोंड्यांवरून मुद्दाम गाडी चढविण्याचा हा छंद पुढे वाढला, तसा टायरॉड हा तेथील मंडळींच्या चर्चेचा विषय बनला. २००७ ते २०१८ या काळातील जीप रँग्लरचा टायरॉड आखाच्या पुढे व खाली असल्याने तो वाकण्याबद्दल विशेष कुप्रसिद्ध होता. तेथे तीन उपाय रूढ झाले. जाड नळीचा दांडा. चाकाचे हात बदलून दांडा वर नेणे. आणि विमानांत वापरतात त्या जातीच्या ॲल्युमिनियमचा दांडा. शेवटचा उपाय विचार करण्याजोगा आहे. ॲल्युमिनियमचा ताठपणा पोलादाच्या एक-तृतीयांश असतो, त्यामुळे दांडा बराच जाड घ्यावा लागतो. परंतु दगडावर तो लवतो आणि पुन्हा सरळ होतो. पोलादी दांडा जेथे कायमचा वाकला असता तेथे हा परत येतो. मात्र दांडा फार बळकट झाला की मार पुढच्या कमजोर कडीवर, म्हणजे सांध्यावर, चाकाच्या हातावर किंवा थेट स्टिअरिंगच्या पेटीवर जातो. वाकलेला दांडा वाटेत सरळ करता येतो, फुटलेली पेटी नाही. म्हणूनच स्टिअरिंगचे भाग कठीण पण ठिसूळ न ठेवता, तुटण्यापूर्वी वाकतील असे चिवट ठेवण्याची जुनी परंपरा टिकून आहे.

पेटीचाही या हिशेबात वाटा आहे. जुन्या अभियंत्यांना अशी पेटी प्रिय होती की जिच्यातून चालकाची गती चाकाकडे जाईल, पण चाकाचा हिसका चालकाकडे परतणार नाही. यात हात वाचतात. पण परत न जाऊ शकणारा हिसका दांडे व सांधे यांनाच सोसावा लागतो. म्हणून पुढे पेट्या थोड्या सैल, थोडा हिसका परत येऊ देणाऱ्या करण्यात आल्या, आणि ड्रॅगलिंकच्या टोकांतील वाट्यांमागे लहान स्प्रिंगा बसविल्या गेल्या. धोंड्यांतून जाताना चक्राच्या आत अंगठा घालू नये, अंगठे कडेवर ठेवावेत, हा जीपच्या चालकांना दिला जाणारा धडा याच तडजोडीचा अवशेष होय. दांडा वाचविण्यासाठी पत्करलेला हिसका अखेर चालकाच्या अंगठ्यापर्यंत पोचतो.

वाटेत दांडा वाकलाच तर तो ओळखण्याची खूण सोपी आहे. मागे बांधलेला दांडा वाकल्याने त्याची लांबी घटते, चाकांच्या मागच्या कडा जवळ येतात आणि पुढच्या कडा फाकतात. गाडीसमोर चार पावलांवर उभे राहिले की दोन्ही टायर दोन दिशांना पाहताना दिसतात. पुढे बांधलेला दांडा वाकला तर उलट घडते. साखळी व जॅक यांनी दांडा जमेल तितका सरळ करावयाचा, त्यावर कोनी लोखंडाचा तुकडा यू-बोल्टांनी आवळावयाचा, आणि वस्तीपर्यंत सावकाश जावयाचे, ही रीत आजही चालू आहे. असा दांडा पुढे पुन्हा वापरीत नाहीत. एकदा वाकलेले पोलाद त्याच जागी दुसऱ्यांदा लवकर वाकते.